एक 'नको' पाहिजे होता

आमच्या लॅबच्या फ्रिजला दोन कप्पे आहेत. एकात बॅक्टेरिया, दुसऱ्यात पाण्याच्या बाटल्या. किस्से ठेवायला तिसरा कप्पा असता ना, तर दार लागलं नसतं बघा! कसं होतं, आपण जातो पाण्याची बाटली आणायला आणि परतीच्या एसटीत बसल्यावर कळतं, आपण बाटलीबरोबर भलतंच काहीतरी घेऊन आलोय. मग ते कँटीनमध्ये सांगायचं, हॉस्टेलवर सांगायचं, घरी सांगायचं. आता तुम्हाला सांगते.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. मी वैष्णवी. धाराशिवच्या एका कॉलेजात बीएस्सी बायोटेक, तिसरं वर्ष. आमची टीम तिघांची. ऋतुजा, जी बोलतानासुद्धा समास सोडून बोलते. अफसर, ज्याला कुणाच्याही ओसरीवर बसायला दोन मिनिटं लागतात आणि उठायला दोन तास. आणि मी, जिला कशाचाच दम निघत नाही. आमच्या डोक्यावर बिराजदार मॅडम.

प्रोजेक्ट एका वाक्यात सांगायचा तर असा: एका साध्या, निरुपद्रवी बॅक्टेरियाच्या जनुकांत आम्ही असा बदल केला, की पाण्यात फ्लोराईड जास्त असलं की तो निळा होतो. बोअरचं पाणी नळीत घ्यायचं, दोन तास थांबायचं, रंग बघायचा. बस! पहिल्यांदा नळी निळी झाली तेव्हा आम्ही लॅबमध्ये एवढा दंगा केला की शेजारच्या वर्गातले सर काठी घेऊन आले.

मला या प्रोजेक्टचं एवढं वेड का, तेही सांगून टाकते. माझ्या समोरच्या दोन दातांवर तपकिरी पट्टे आहेत. लहानपणी आमच्या बोअरचं फ्लोराईडचं पाणी पिऊन झालेले. दहावीच्या निरोप समारंभापासून प्रत्येक फोटोत मी ओठ मिटून हसते. ही नळी घरोघरी पोचली पाहिजे आणि बंगळुरूला होणाऱ्या स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत आमचं नाव पुकारलं गेलं पाहिजे, या दोन गोष्टी सोडून वर्षभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आणि तिथंच गाडी अडली. घरोघर जाऊन तपासायचं आणि बंगळुरूला जायचं, तर कॉलेजच्या नीती समितीची सही पाहिजे. समितीचं म्हणणं सोपं होतं. लोकांच्या पाण्यात हात घालण्याआधी लोकांना विचारून या.

*

विचारायला आम्ही पहिल्यांदा लोहाऱ्याकडच्या एका गावात गेलो. ऋतुजानं दोन पानांचं संमतीपत्र छापलेलं. पारावर एक आप्पा बसले होते. त्यांनी कागद बघितले, उन्हाकडं बघितलं, आमच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, दारोदार कशाला हिंडता, द्या इकडं. आम्हाला घरी पाठवून जेवू घातलं. शेंगाची चटणी, धपाटे, वरून ताक. अफसर तर तिथंच आडवा व्हायच्या बेतात होता.

संध्याकाळी आप्पांनी गठ्ठा परत दिला. सगळे फॉर्म भरलेले! सगळीकडं 'हो'! मी नाचायचीच बाकी होते. ऋतुजानं एकेक पान उलटलं आणि तिचा चेहरा उतरला. सगळ्या सह्या एकाच हाताच्या, एकाच पेनाच्या. पुण्यात कामाला गेलेल्यांच्यासुद्धा.

तिनं एका नावावर बोट ठेवून विचारलं, हे कुठं राहतात?

"त्यो माजा धाकटा भाऊ. दोन वर्सं झाली जाऊन," आप्पा म्हणाले. "पर आसता, तर व्हयच म्हणला आसता."

*

मग आम्ही शहाणे झालो. परत गेलो, घरोघर गेलो, प्रत्येक माणसाला समोर बसवून विचारलं. चाळीसेक घरं झाली. सगळी 'हो'. यावेळी सह्या खऱ्या होत्या, अंगठे खरे होते. मी फाईल छातीशी धरून समितीपुढं गेले.

समितीत प्राचार्य, कोर्टात वकिली करणारे एक वकीलसाहेब आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. वकीलसाहेबांनी फाईल शेवटपर्यंत चाळली आणि चष्मा काढला.

"एवढ्या घरांत एकसुद्धा नको नाही? अहो, माझ्या घरात चार माणसं. चहा घेणार का विचारलं तरी त्यातला एक नको म्हणतो."

फाईल परत. नीट विचारा, लोकांना नको म्हणता येईल असं विचारा, आणि महिनाभरानं या. मी बाहेर येऊन रडले. सरळ सांगते, रागानं रडले. लोक हो म्हणतात यात माझी काय चूक!

बिराजदार मॅडमनी मला गप्प होऊ दिलं आणि मग म्हणाल्या, मला विचारून दाखव, मी गावातली बाई आहे. मी विचारलं. त्या म्हणाल्या, परत. मी परत विचारलं.

"वैष्णवी, तू प्रश्न विचारतानाच हो हो म्हणून मान हलवतेस. समोरचा बिचारा नको कसा म्हणेल?"

मग काय! आठवडाभर मी भिंतीला डोकं टेकवून प्रश्न विचारायची प्रॅक्टिस केली. अफसर समोर उभा राहून मान हलली की शिट्टी मारायचा.

*

श्रावण लागला. येडशीजवळच्या रामलिंगच्या देवळात सोमवारची ही गर्दी! अफसर म्हणाला, माणसं शोधत हिंडण्यापेक्षा माणसं येतात तिथं बसू. टेबल टाकलं, बोर्ड लावला. खरे बॅक्टेरिया लॅबच्या बाहेर न्यायला सक्त मनाई, म्हणून दाखवायला नुसती निळीचं पाणी भरलेली काचेची नळी ठेवली. कपड्यांना घालतो ती नीळ.

आम्ही बोर्ड सरळ करेपर्यंत एका आजींनी नळीपुढं बेलाचं पान ठेवलं. त्यांच्यामागच्या बाईनं हळदकुंकू वाहिलं. दहा मिनिटांत रांग! आणि त्या रांगेच्या तोंडाशी आमचा अफसर, हातात नळी धरून. एका मावशींनी तीर्थासाठी ओंजळ पुढं केली, तेव्हा त्याला घाम फुटला.

मी ओरडले, "मावशी, पिऊ नका!"

मावशींनी हात मागं घेतला आणि मागच्या बायकांकडं वळून मोठ्यानं सांगितलं, "बघा गं. आपल्याला पिऊ नका म्हणतेत, आन आपल्या पाण्यात टाकाय निघालेत."

मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! पहिली शंका! मी धावत फॉर्म घेऊन गेले. मग ऋतुजानं त्यांना शांतपणे समजावलं, की तुमच्या पिण्याच्या पाण्यात काही पडत नाही, थोडं पाणी वेगळं काढून नळीत घ्यायचं आणि नंतर नळीतले बॅक्टेरिया औषधानं मारून टाकायचे. मावशींना पटलं. पटलं म्हणून 'हो'! ऋतुजावर मी दिवसभर रुसले होते. मात्र त्या दिवशीपासून आमच्या पत्रकाची पहिली ओळ बदलली: 'तुमच्या हंड्यात काहीही टाकले जाणार नाही.'

*

लोहाऱ्याला एक किराणा दुकानदार भेटले, अण्णा. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, घरात बायकोशी कानडीत आणि गिऱ्हाइकाशी मराठीत. त्यांनी पत्रक पहिल्या अक्षरापासून वाचलं. असा वाचणारा आम्हाला तोवर कुणी भेटला नव्हता.

मग विचारलं, हा निळा रंग शाकाहारी का मांसाहारी?

खोटं बोलायचं नाही हे तर ठरलेलं. ऋतुजानं सांगून टाकलं, की समुद्रात प्रवाळ नावाचा एक प्राणी असतो, त्याच्या रंगाची कृती वाचून आम्ही ती लॅबमध्ये नव्यानं बनवून घेतली. त्या प्राण्याला कुणी हात लावलेला नाही. पण कृती मूळची त्याची.

अण्णांचा चेहरा कडक झाला. मी फॉर्मवर 'नको'च्या चौकटीशी पेन नेऊन ठेवला. तेवढ्यात अफसर त्यांच्या उजव्या हाताकडं बघून म्हणाला, "अण्णा, तुमच्या अंगठीतलं पोवळं म्हणजे तेच की. प्रवाळ."

अण्णांनी अंगठीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. त्याच हातानं ते रोज जेवत होते!

"हे मला कुणी सांगितलं न्हवतं," ते म्हणाले. आत जाऊन बायकोशी कानडीत काहीतरी बोलून आले आणि 'हो' लिहायला सांगितलं, फक्त तपासणी देवघरापासून लांब करायची. आम्ही अट लिहून घेतली. निघताना त्यांनी आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले, तेव्हा अंगठी डाव्या हातात गेली होती.

*

येडशीच्या रानाच्या कडेला एक आजोबा शेळ्या वळत होते. त्यांना आम्ही बॅक्टेरिया पळून गेले तर काय, हे समजावत होतो. बॅक्टेरियांना एक खास खाद्य लागतं, ते फक्त लॅबमध्ये मिळतं, बाहेर पडले की उपाशी मरतात.

आजोबा म्हणाले, म्हणजे दाव्याला बांधलेत. अफसर म्हणाला, अगदी बरोबर!

"दावं सुटतच न्हाय आसं म्हणणारा शेळीवाला मला अजून भेटला न्हाय," आजोबा म्हणाले.

मी हळूच विचारलं, मग नको लिहू का? यावेळी मान हलवली नाही हां, एका बाभळीला डोकं टेकवून उभी होते.

"न्हाय कशाला? ल्ही की व्हय. पोरं एवढ्या उन्हात आलीत."

कपाळावर हात मारून घेतला मी. पण मॅडमना हे सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बॅक्टेरियाला आणखी एक बंधन घालायच्या कामाला लागलो, पहिलं सुटलं तरी दुसरं राहील असं. दोन आठवडे गेले त्यात. लॅबच्या वहीत त्या प्रयोगाचं नाव अजून 'दुसरं दावं' असंच आहे.

*

घरी तर बोलायलाच नको. महिना संपत आला, मी जेवताना नुसती ताटाशी खेळत होते. आईनं विचारलं काय झालं. मी सगळं सांगितलं, एक नको मिळेना म्हणून.

आईनं भाकरी थापता थापता क्षणभर विचार केला. "एवढंच ना? तुजं अडलं आसंल तर म्या म्हणते नको."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना हे मोठ्या आशेनं सांगितलं. त्या हसून हसून बेजार. म्हणाल्या, अगं, हा तर आतापर्यंतचा सगळ्यात मोठा हो आहे!

*

आणि मग सुंदराबाई भेटल्या.

येडशीच्या पलीकडं एका वस्तीवर. साठीच्या, अंगानं बारीक, आवाज खणखणीत. त्यांच्या दारात बोअर. अख्खी गल्ली तिथंच पाणी भरते. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये प्रश्न विचारले, नीट विचारले. निळं झालं तर म्हणजे काय? पाणी वाईट. मग काय करायचं? ते पाणी पिऊ नका, विशेषतः लहान मुलांना देऊ नका. मग काय द्यायचं? इथं ऋतुजानं पत्रक उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

"आगं, माज्या दारात अख्खी गल्ली हंडा घिऊन येती," सुंदराबाई म्हणाल्या. "निळं झालं म्हंजे त्यास्नी म्या काय सांगू? दुसरं पाणी आणलंव का तुमी?"

"नाही, मावशी."

"मग माजं पाणी तपासायचं न्हाय. नको."

महिनाभर ज्याची वाट बघितली तो नको समोर आला आणि मला आनंदच होईना. त्यांच्या नातीनं मागनं डोकावून बघितलं. तिच्या दातांकडं बघायचं माझं धाडस झालं नाही. ऋतुजानं 'नको'वर खूण केली, कारण लिहिलं, सुंदराबाईंनी हळूहळू अक्षर जुळवून सही केली. आणि निघताना, ऊन आहे म्हणून, त्यांनी आमची रिकामी बाटली बोअरच्या पाण्यानं भरून दिली.

कळलं ना? बाटली भरून!

फाट्यावर जीपची वाट बघत आम्ही तिघं उभे. बाटली माझ्या हातात. लॅब तासाभरावर, निकाल दोन तासांत. त्यांना कधी कळणारही नाही. अफसर नुसता बाटलीकडं बघत होता. त्यानं विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, हे मला माहीत होतं, म्हणून तो विचारायच्या आत मी झाकण काढलं आणि प्यायला लागले. एक तृतीयांश मी, एक तृतीयांश ऋतुजा, उरलेलं अफसर. थेंबसुद्धा ठेवला नाही. मचूळ होतं, पण गार होतं.

"पाणी प्यायला दिलं होतं," अफसर तोंड पुसत म्हणाला.

*

आता शेवटचा.

समितीची बैठक गुरुवारी. बुधवारी सकाळी अकराला लॅबच्या दारात कोण उभं? सुंदराबाई! दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन, डोक्यावर पदर, एसटीतून एकट्या आलेल्या. कॉलेजच्या गेटपासून विचारत विचारत आल्या होत्या.

"दुसरं पाणी घावलं," त्या म्हणाल्या. वस्तीच्या खालच्या अंगाला एक विहीर होती. तिचा मालक आणि सुंदराबाई बांधावरच्या भांडणापायी चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्या त्याच्या दारात गेल्या, बोलल्या, आणि गल्लीला पाणी द्यायला त्याला कबूल करून आल्या. एक कॅन बोअरचा, एक त्या विहिरीचा. "दोनी तपासा. त्याचं बी वंगाळ निघालं, तर एवढं बोलून काय उपेग?"

मी टाळ्याच पिटल्या! आणि टाळ्या पिटता पिटता लक्षात आलं, अरे देवा. आमच्या फाईलमध्ये एकच नको आहे, आणि त्या तो परत घ्यायला आल्यात. समिती उद्या!

अफसरनं मला दाराबाहेर ओढलं. म्हणाला, फॉर्म परवा बदलू, एका दिवसानं काय होतंय. खरं सांगू? माझ्याही मनात तेच आलं होतं. बंगळुरू डोळ्यांपुढं दिसत होतं. मॅडम मागं येऊन उभ्या होत्या, आम्हाला कळलंच नाही.

"फॉर्म कुणाचा आहे?" त्यांनी विचारलं आणि आत निघून गेल्या.

मीच फॉर्म काढला. सुंदराबाईंपुढं ठेवला. त्यांनी 'नको'वर आडवी रेघ मारली, 'हो'वर खूण केली, परत सही केली. आणि पानाच्या मागं एक अट लिहून घ्यायला लावली. "रंग मला सांगायचा. दुसऱ्या कुणाला न्हाय. माज्या गल्लीला काय सांगायचं ते म्या सांगीन."

दोन नळ्या लावल्या. शेजारी मॅडमनी नेहमीची रासायनिक चाचणीही लावली, खात्रीसाठी. सुंदराबाई स्टुलावर बसल्या, चप्पल काढून, पाय वर घेऊन. दोन तास त्यांनी नळ्यांवरची नजर हलवली नाही. अफसरनं चहा आणला तो तसाच गार झाला. रंग काय तो आला. त्यांनी बघितला, दोनदा बघितला, आमच्याकडून नीट समजून घेतला, रिकामे कॅन उचलले आणि गेल्या.

गुरुवारी आम्ही परत समितीपुढं. फाईलमध्ये पुन्हा सगळे 'हो'. वकीलसाहेबांनी पानं उलटायला सुरुवात केली, आणि प्रत्येक पानाबरोबर त्यांच्या कपाळावर आठ्या वाढत गेल्या. मग एका पानावर ते थांबले. खोडलेला नको त्यांनी वाचला. कारण वाचलं. खालचा हो वाचला. तारखा बघितल्या. अट मात्र पानाच्या मागं होती, तिथवर ते गेले नाहीत. कागद त्यांनी मुख्याध्यापिका बाईंकडं सरकवला.

बाईंनी तो दोनदा वाचला. मग माझ्याकडं बघितलं आणि खुर्ची पुढं ओढली, गोष्टीतलं पुढचं ऐकायला माणूस ओढतो तशी.

"मग? रंग काय आला?"

प्राचार्य पुढं वाकले. वकीलसाहेबांनी मान वर केली. अगदी ओठांवर आलं होतं माझ्या! ऋतुजानं टेबलाखाली माझा हात दाबला, पण त्याची गरज नव्हती.

"ते सुंदराबाईंना विचारावं लागंल, बाई," मी म्हणाले. "येडशीची गाडी साडेतीनला आहे."

वकीलसाहेबांनी सहीचा कागद पुढं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.